किल्लीवाली आणि अस्वल

३ जून

खारू,

या नावाने तुला हाक मारायची मला सवय नाही. ते तुझ्या बाबांनी ठेवलेलं नाव. पण आज तुझ्यासाठी जे आलं ते याच नावाने आलं, म्हणून मीही तेच लिहिते. राग मानू नकोस.

आलं म्हणजे ईमेल आला. बाबा गेले तरी त्यांचा ईमेल मी अजून बंद केलेला नाही, विजेचं बिल त्यावरच येतं. बिल शोधताना खाली एका अनोळखी माणसाचं पत्र दिसलं. त्याने स्वतःचं नाव 'कासव' असं लिहिलंय. म्हणतो, एक जुना कॉम्प्युटर गेम आहे, जंगलं, गुहा, राक्षस असलेला. त्यात लोक आपापले प्राणी बनवून घालतात, मॉड म्हणतात त्याला. 'खारूचे प्राणी' नावाचा एक गठ्ठा त्याच्याकडे आहे आणि त्याच्या तळाशी संपर्कासाठी हा पत्ता दिलाय. जगभर विखुरलेले असे जुने गठ्ठे एकत्र करून, सगळे एकमेकांशी न भांडता नांदतील असा एकच मोठा गठ्ठा त्याला बनवायचाय. बनवणाऱ्याची परवानगी असल्याशिवाय तो कशालाही हात लावत नाही.

मला आधी वाटलं फसवाफसवी आहे. पण त्याने तुझ्या प्राण्यांची नावं दिली होती आणि त्यांत 'भिजकं हरिण' होतं. भिजकं हा शब्द तुझ्याखेरीज मी कुणाच्या तोंडी ऐकला नाही.

त्या बंद दाराआड तू अभ्यास करतेस असं मी धरून चालले होते. असो. पास तर झालीस.

हो की नाही, एवढं कळव. ईमेलचा कागद छापून सोबत जोडलाय. तुझा पत्ता तू मागे दाखले मागवलेस तेव्हाचाच आहे माझ्याकडे.

इकडे ठीक. वर्कशॉपमध्ये आमच्या सीट सेक्शनला काम कमी झालंय. नव्या बसच्या सीट तयार येतात, आम्ही आपली जुन्यांची फाटकी कव्हरं बदलतो.

बाई


२१ जून

खारू,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं.

कासवाने पुन्हा लिहिलं. मी त्याला कळवलं की खारू इथे राहत नाही, मी तिच्या घरची आहे. त्यावर त्याचा फोनच आला. बंदरावर क्रेन चालवतो. दिवसभर त्या उंच केबिनमध्ये एकटाच असतो, जहाज यायला उशीर झाला की बोलायला माणूस शोधतो. भला वाटला.

"ताई, तुम्ही खेळलाय का कधी?" त्याने विचारलं.

"मी मोबाइलवर पत्तेसुद्धा खेळत नाही."

"मग एकदा बघाच. घरात असं कुणी होतं आणि तुम्ही पाहिलंच नाही, असं नको व्हायला."

त्याला काय माहीत. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

म्हणून रविवारी तुझ्या खोलीत गेले. धूळ पुसायला रोजच जाते, पण खुर्चीवर बसले पहिल्यांदा. कॉम्प्युटरवरचं कव्हर काढलं. बटण दाबल्यावर तो बराच वेळ घोंघावला, मला वाटलं गेला कामातून. मग चालू झाला. कासवाने फोनवरून एकेक पायरी सांगितली आणि गेम उघडला.

चालायला शिकण्यातच आठवडा गेला. गेममधली माझी बया सारखी भिंतीला नाक लावून उभी. पुढे जा म्हटलं की आभाळाकडे बघते. जंगलात पाय ठेवला तोच लांडग्याने खाल्लं. कासव म्हणाला, "सगळ्यांना तोच खातो, लाजू नका."

पण मग तुझं हरिण भेटलं. तळ्याकाठी उभं होतं. शिंगांच्या जागी झाडाची मुळं, अंगावरून पाणी निथळतंय, आणि आपण जवळ गेलो की कुत्र्यासारखं अंग झाडतं. मी तिथेच थांबले. लांडगा मागून आला आणि पुन्हा मेले, पण त्याचं काही नाही.

कासवाने मला ते प्राणी उलगडून बघायचा प्रोग्रॅमही दिलाय. आत हाडांचा सांगाडा, त्यावर जाळीचं अंग, त्यावर कातडी. कातडी म्हणजे एक सपाट चित्र, कापून, दुमडून, अंगावर ताणून बसवायचं. हे मला लगेच कळलं. आमचं रेक्झिन काय वेगळं असतं? नीट बेतलं नाही तर कोपऱ्यावर चुण्या पडतात. तुझ्या हरणाच्या अंगावर एक चुणी नाही. आणि शिवण तू पोटाखाली घेतलीस. आम्ही टीप सीटच्या मागच्या अंगाला घेतो, बसणाऱ्याला दिसू नये म्हणून. तू शाळेतून वर्कशॉपमध्ये यायचीस, रेक्झिनच्या रोलवर बसून पाय हलवत राहायचीस. मला वाटायचं कंटाळलीस.

परवानगीचं कळव. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण.

बाई


१४ जुलै

खारू,

तुझ्याकडून काही नाही. कासवाला मी सांगितलं की मुलगी कामात आहे. तो म्हणाला, तोवर नुसतं तपासून ठेवू, तिची परवानगी येईपर्यंत बाहेर काढायचं नाही. म्हणून आम्ही कामाला लागलोय.

काम काय ते तुला मी सांगायला नको, पण मला कळलंय हे तुला कळावं म्हणून लिहिते. त्या गेममध्ये प्रत्येक प्राण्याला नंबर असतो. कुठल्या गुहेत कुणाला उभं करायचं ते नंबरावरून ठरतं. तुम्ही सगळ्यांनी आपापल्या घरी बसून मनाला येतील ते नंबर घेतले. आता सगळे एकत्र आणले की एकाच नंबरावर दोघं-दोघं. एका सीटची दोन तिकिटं विकावीत तसं. शेवटी चढतो तो बसतो, आधीचा दिसेनासा होतो. भांडण नाही, तंटा नाही, जणू तो कधी बसमध्ये नव्हताच.

तुझ्या बहुतेक प्राण्यांची सोय लागली. एकाची लागेना. तुझ्या एका प्राण्याच्या नंबरावर दुसऱ्या कुणाचं तरी मोठं काळं अस्वल येऊन बसलंय. कासव म्हणाला, "अस्वल झकास आहे, पण त्याच्याखाली खारूचं काय दडलंय ते बघा, ताई. माझ्याकडची प्रत उघडत नाही. लोक त्याला 'किल्लीवाली' म्हणतात."

अस्वल काढलं आणि डोंगराखालच्या गुहेत गेले.

गुहेच्या टोकाला कुलूप लावलेलं दार आहे आणि दारासमोर ती उभी असते. पाठीत वाकलेली. अंगाला तपकिरी कातडी, पुढे एप्रनसारखी लोंबणारी, रेक्झिनसारखी तकाकी असलेली. उजव्या हाताची दोन बोटं म्हणजे कात्रीची पाती. गळ्यात दोरी आणि दोरीला किल्ल्यांचा जुडगा. चालते तेव्हा डावा पाय किंचित मागे राहतो, मग ओढत येतो. आपण जवळ गेलो की मान वर करते आणि विचारते, "जेवलीस का?" आणि मग मारते.

समोर बाई असो की बाप्या, जेवलीस का हेच विचारते.

आवाज तुझाच आहे. सोळाव्या वर्षीचा, माझी नक्कल करणारा. मागे थोडी खरखर आहे, माइक जुना असेल. या घरात तुझा आवाज ऐकून किती वर्षं झाली. मी बाहेर गेले, पुन्हा आत गेले. तसं बऱ्याच वेळा केलं.

मॉडेल चांगलं झालंय. एप्रनची घडी हुबेहूब.

आता जाते. दूध उतू जाईल.

बाई


९ ऑगस्ट

खारू,

मध्ये लिहिलं नाही. तब्येत वगैरे ठीक होती.

खरं सांगायचं तर मी कासवाला म्हणाले होते, तिथे अस्वलच राहू द्या. तो म्हणाला, "ताई, अस्वलं शंभर मिळतात. लोक मला किल्लीवाली कुठे गेली म्हणून विचारतात." मग त्याने मला ते लोक कुठे बोलतात ते दाखवलं. कुणी लिहिलंय, मी नोकरी गेल्यावर हा गेम खेळायचो, दिवसभरात मला जेवलीस का विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. कुणी लिहिलंय, तिला मारायला जीव होत नाही, मी दुसऱ्या वाटेने जातो. एकाने तर तिच्यावरून मित्रांमध्ये म्हण केलीय, कुणी गोड बोलायला लागलं की म्हणतात, सांभाळ, किल्ल्या वाजतायत. यावर मात्र मला हसू आलं.

मग मी एक वेडेपणा केला. तलवार खाली ठेवली आणि तिच्यासमोर नुसती उभी राहिले. म्हटलं, तू काहीतरी युक्ती ठेवली असशील. हत्यार न उचलणाऱ्याला ती दार उघडून देत असेल, निदान वाट सोडत असेल. तिने विचारलं, जेवलीस का. मी थांबले. तिने मला मारलं. पुन्हा गेले, पुन्हा मारलं. युक्ती नव्हतीच. तू सोळा वर्षांची होतीस, तुला राक्षस हवा होता आणि तू राक्षस केलास. त्यात तुझं चुकलं असं मला वाटत नाही.

आपलं भांडण कधी झालंच नाही, खारू. झालं असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं. मी या घरात आले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. तुला काय बोलावं ते मला कळायचं नाही, म्हणून जेवणाचं विचारायचे. तू हो म्हणायचीस. मग बाबा गेले आणि विचारायलाही कुणी नाही, सांगायलाही कुणी नाही असं झालं. दोघींनी एकमेकींना काहीच केलं नाही. तेच झालं.

एक गोष्ट मात्र लिहायची आहे. माझा डावा पाय मागे राहतो, हे कुणाला माहीत नाही. लहानपणी पडले होते, हाड सांधताना जरा आखूड झालं. मी तो लपवते. चप्पल आतून उंच करून घेते. वर्कशॉपमधल्या मैत्रिणींना इतक्या वर्षांत कळलं नाही. तुझ्या बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. तुला कळलं होतं, आणि तू तो कुठे वाकतो, कुठे ओढला जातो इथपर्यंत पाहिलं होतंस. इतकं निरखून मला कुणी पाहिलेलं नाही. कशासाठी पाहिलंस ते आता राहू दे.

तर ठरवलं की किल्लीवाली जायची नाही आणि अस्वलही जायचं नाही. तिला मोकळा नंबर शोधला, जिथे जिथे तिचा जुना नंबर होता तिथे तिथे नवा घातला. वाटलं झालं. गुहेत जाऊन बघते तर ती चार पायांवर रांगतेय. अस्वलाची चाल तिच्या हाडांत शिरली होती. कासव खूप हसला, मग म्हणाला, तिची मूळ चाल त्याच्या प्रतीत बिघडलेली, तुझ्या कॉम्प्युटरवरचीही त्या अदलाबदलीत पुसली गेली. चूक माझीच, आधी प्रत काढून ठेवायला हवी होती. आता चाल नव्याने बसवावी लागेल.

मोबाइल स्टुलावर टेकवून मी माझं चालणं टिपलं. बैठकीतून स्वयंपाकघरात, परत. मग ते बघत एकेक हाड वळवत बसले. वर्कशॉपमधून आले की तेच करते. संध्याकाळ कशी जाते कळत नाही, आणि हे वाक्य मी फार वर्षांनी लिहितेय.

बाई


३० ऑगस्ट

खारू,

तुझं उत्तर आल्याचं कासवाने सांगितलं. त्याच्याकडे आलं, बरं झालं. त्यालाच हवं होतं.

फोनवर वाचून दाखवताना बिचारा अडखळला. "सगळे प्राणी वापरा. फक्त किल्लीवाली काढून टाका." इतकंच लिहिलंय म्हणाला. मग म्हणाला, "ताई, मला वाटतं तिला ठाऊक नसेल तुम्ही चाल बसवली ते. मी तिला तुमची नवी फाइल पाठवू का?"

मी म्हणाले, "नको. वस्तू तिची, तिने काढ म्हटलं की काढायची."

तर काढलीय. तिथे आता अस्वल आहे.

मला लाज वाटेल म्हणून काढायला सांगितलं असशील, तर तसं काही नाही हे मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते पोचलं नसेल कदाचित. दुसरं काही कारण असेल तर ते तुझं तुझ्यापाशी.

आणखी एक, जे मी आधीच लिहायला हवं होतं. सप्टेंबरअखेर माझी नोकरी संपते. क्वार्टर सोडावं लागेल. स्टेशनमागे एक खोली बघितली आहे, मला पुरेशी आहे. पण तुझ्या खोलीतलं सामान तिथे मावणार नाही. पुस्तकं, कपाट, तो आरसा. काय ठेवायचं आणि काय द्यायचं ते तू सांगितलंस तर मी तसं करीन. हे लिहायचं म्हणूनच पहिलं पत्र लिहायला घेतलं होतं. मग प्राण्यांचं निघालं आणि राहून गेलं.

बाई


१२ सप्टेंबर

खारू,

काल तू फोन केलास. जे बोललो ते दोघींनाही माहीत आहे, तरी लिहिते. फोनवरचं माझ्या लक्षात राहत नाही, हातचं लिहिलेलं राहतं.

मी भाजी निवडत होते. नंबर ओळखीचा नव्हता, मला वाटलं बँक.

"बाई?"

"कोण?"

"मी बोलतेय. त्या कासवाने फाइल पाठवली. ती चाल तुम्ही बसवलीत?"

नको म्हटलं होतं तरी पाठवली त्याने. क्रेनवाला ऐकणारा नाही. मी हो म्हणाले.

"चुकलीय," तू म्हणालीस. "पाय आधी टेकतो, मग ओढला जातो. तुम्ही आधी ओढलाय."

मी फोन कानाशी धरून उठले आणि खिडकीपासून दारापर्यंत चालून पाहिलं. तुझंच खरं होतं. माझा पाय आहे, पण तुला जास्त माहीत.

मग आपण बराच वेळ त्या पायाचंच बोललो. गुडघ्याचं हाड किती वळवायचं, टाच कधी सोडायची. तू सांगत होतीस आणि मी बिलाच्या पाठीवर लिहून घेत होते. तुझा आवाज बदललाय. जरा जाड झालाय. थकतेस का, विचारायचं होतं.

"मी तिला काढायला सांगितलं," तू मध्येच म्हणालीस, "ते ती तुमच्यासारखी आहे म्हणून नाही."

"मग?"

"तुम्ही तिच्या वाक्यामागचा आवाज ऐकलात?"

"ऐकला."

"पत्रात खरखर लिहिलं होतंत."

तेव्हा मला कळलं की पत्रं तू वाचली आहेस. सगळी.

"खरखर नाही ती," मी म्हणाले. "तुझे बाबा हसतायत."

तू म्हणालीस, "मला वाटलं, तुम्हाला कळायच्या आत काढून टाकावं."

"पहिल्याच दिवशी कळलं."

हे आता नीट लिहिते, कारण फोनवर मला जमलं नाही. बाबा बाजूच्या खोलीत होते, तू माझी नक्कल केलीस आणि ते हसले. पोट धरून हसावं तसं. माझ्यासमोर ते कधी तसे हसले नाहीत. मला वाटायचं हा माणूसच गंभीर. आधी फार लागलं. आपल्यावर हसणारी दोन माणसं एका घरात होती आणि आपण शेजारी भाकऱ्या थापत होतो, असं काहीतरी मनात यायचं. दोन दिवस मी तुझ्या खोलीत गेले नाही. मग गेले, आणि पुन्हा ऐकलं. खारू, त्यांचा आवाज माझ्याकडे दुसरा कुठेच नाही. फोटो आहेत. आवाज एवढाच आहे, आणि त्यात ते हसतायत. कुणावर का असेना.

तुला इतकं सांगता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "मला तो हवाय."

"हसणं कापता येतं," तू म्हणालीस. "लोकांच्या गठ्ठ्यात फक्त वाक्य जाईल. मूळ फाइल तुमच्याकडे ठेवा. आणि दोन ठिकाणी प्रत काढून ठेवा बाई, तुम्ही पुसून टाकाल."

"म्हणजे तिला ठेवायची?"

"चाल दुरुस्त करा आधी," तू म्हणालीस. "मग बघू."

सामानाचं मी विचारलं नाही. तूही काढलं नाहीस.

बाई


६ ऑक्टोबर

खारू,

वरचा पत्ता नवा आहे, लिहून ठेव.

खोली बरी आहे. खिडकीतून रूळ दिसतात. गाडी गेली की कपबश्या वाजतात, सवय होईल. निरोपाच्या दिवशी सेक्शनमधल्या पोरींनी मला माझ्याच मापाची खुर्ची शिवून दिली, तिच्यावर बसून लिहितेय. नंतर तू कळवलंस त्याप्रमाणे पुस्तकं वाचनालयाला दिली, कपाट शेजारच्यांनी नेलं. आरसा तू राहू द्या म्हणालीस, तो इथे भिंतीला लावलाय, भिंतीच्या मानाने मोठा आहे. कॉम्प्युटर माझ्या पायाशी आहे. आवाजाच्या प्रती दोन काढल्यात, एक कासवाकडेही पाठवली, त्याला ऐकायची नाही असं बजावून.

गठ्ठा बाहेर आला. तू बघितलाच असशील. पहिल्या आठवड्यात पुष्कळांनी उतरवून घेतला. अस्वल तळ्यापलीकडच्या गुहेत गेलंय आणि किल्लीवाली तिच्या दारासमोर आहे. पाय आधी टेकतो, मग येतो.

सगळ्यांची नावं लिहिलेला कागद उघडला तेव्हा मी 'बाई' शोधत होते. कासवाने तुला विचारलं होतं ना, ताईंचं नाव काय लिहू म्हणून? मला वाटलं बाईच लिहिलं असशील. थोडं असंही वाटलं होतं की दुसरं काही लिहिशील. ते मी इथे लिहीत नाही, कारण तसं वाटण्यात काही अर्थ नव्हता.

तू लिहिलंस, 'प्राणी खारूचे; चाल आणि जोडणी', आणि पुढे माझं नाव. लग्नाआधीचं, पूर्ण, वडिलांच्या आडनावासकट. त्या नावाने मला हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. बाबासुद्धा ते वापरत नसत. तुला ते कुठून कळलं, किती वर्षं ठाऊक होतं, काही कळत नाही. मी बराच वेळ वाचत बसले. मग ते नाव माझंच आहे हे पटायला मोठ्याने म्हणून पाहिलं.

परवा बाबांच्या ईमेलवर त्या नावाने एक पत्र आलं. मला वाटलं चुकून आलंय. कुणी मुलगा आहे की मुलगी तेही कळत नाही, नाव 'उलटा खेकडा' लिहिलंय. त्याच्याकडे किल्लीवालीचे हात गायब आहेत. बाकी सगळी ती नीट उभी आहे, चालते, विचारते, पण खांद्यापासून पुढे काही नाही आणि कात्री नुसती हवेत हलते. त्याने दुसरा एक जुना गठ्ठाही घातलाय म्हणे, त्याच्याशी काहीतरी जुळत नाहीये. फार नम्रपणे लिहिलंय, 'आदरणीय' वगैरे.

पायांचं मी सांगू शकते. हात तुझे आहेत, त्यांना मी हात लावलेला नाही आणि ते कसे जोडलेत ते मला कळत नाही. त्याने पाठवलेला फोटो छापून सोबत जोडलाय, बघ.

त्याला लिहिलंय, बनवणारीला विचारून सांगते. घाई नाही, तो थांबतो म्हणालाय.

बाई